अमडापुरात मी अर्धंच सांगितलं

पुण्याला परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "लोणार पाहिलंत का?" पाहिलं बाबांनो. गोल आहे, खोल आहे, पाणी खारट आहे. फोटो पाहिजे असतील तर मोबाइलमध्ये चाळीसेक आहेत, घ्या. मला सांगायचंय ते लोणारचं नाही. ते अमडापूरच्या एका शेतातलं आहे, आणि आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी पस्तीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. म्हणजे शरीर आतून कसं चालतं ते. आजारी माणूस तपासून औषध देणं हे माझं काम कधीच नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत प्रल्हाद इंगळे नावाचे मदतनीस होते. सव्वीस वर्षं मी ओरडायची आणि प्रल्हाद वहीत आकडे लिहायचे. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी, बुलढाणा जिल्ह्यात अमडापूरला जाऊन राहिले. दरवर्षी फोन करायचे, "म्याडम, तूर निघाली, या आता." यंदा गेले.

नांदुरा ते अमडापूर

गाडी तीन तास उशिरा आली. नांदुऱ्याला उतरले तेव्हा प्रल्हाद फलाटावर उभेच होते, पहाटेपासून. मी म्हटलं, "अहो, मोबाइलवर कळतं गाडी कुठे आहे ते. घरी बसायचं ना!" ते म्हणाले, "कळत होतं म्याडम. पण तुमी उतरल्या आन् मी दिसलो नाई, त तुमी चिडतान." हे ऐकून मी चिडलेच.

खामगावला बस बदलली. तिथे त्यांनी मला न विचारता कचोरी आणली, वर तळलेली मिरची. मी नको म्हटलं. आमच्याकडे नको म्हटलं की विषय संपतो. तिकडे 'नको' म्हणजे पाहुण्याने घसा साफ केला, एवढाच अर्थ घेतात. खाल्ली. उत्तम होती, आणि पुढचा सगळा रस्ता मी पाण्याची बाटली तोंडाला लावून बसले होते.

घर रस्त्यालगत, पक्कं, नीटनेटकं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली प्रल्हादांच्या मुलीचं पदवीचं प्रमाणपत्र. प्रल्हादांची पत्नी आता नाही. धाकटा भाऊ गौतम आणि त्याची बायको सुनंदा असे तिघं एकत्र राहतात. गौतम पन्नाशीचा, दणकट, सतत हसणारा. सुनंदा कमी बोलणारी. तिने रात्री वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर केली. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची ही भाकर मी पहिल्यांदाच खाल्ली. पुण्यातल्या घरी मी दोन पोळ्यांवर उठते, तिथे तीन भाकरी झाल्या.

शेतात

दुसऱ्या दिवशी तुरीची मळणी. भाड्याचं मळणीयंत्र आलं होतं, ट्रॅक्टरवर चालणारं. ते दोन दिवस यांच्याकडे, मग पुढच्या शेतात. सगळीकडे पिवळट भुसा उडत होता. मी बांधावर खुर्ची टाकून बसले होते, नाकाला पदर लावून.

दहाच्या सुमारास ट्रॅक्टरमधलं डिझेल संपत आलं. गौतमने ड्रम उघडला, त्यात रबरी नळीचं एक टोक सोडलं आणि दुसरं तोंडात धरून श्वासाने ओढायला लागला. डिझेल वर चढलं की नळी पटकन तोंडातून काढून टाकीत सोडायची. ही तिथली रीत. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे करतात.

मी बसल्या जागेवरून ओरडले, "अहो गौतम, तोंडाने काय ओढताय! हातपंप मिळतो ना त्याचा बाजारात!"

"हाय ना म्याडम घरी," तो हसून म्हणाला. "पण तो लय सावकाश वढते. काई नाई होत. लहानपणापासून वढतो मी."

पहिल्या ओढीला जमलं नाही. दुसरी त्याने दमदार घेतली. डिझेल एकदम चढलं, ठसका लागला, आणि तो गुडघ्यांवर बसला. खोकला असा की थांबेना. चेहरा काळानिळा. सुनंदा धावली, प्रल्हाद धावले. कोणीतरी म्हटलं, पोटात गेलं, काढून टाका. प्रल्हादांनी तांब्यात मीठ कालवलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ढेकळांतून धडपडत निघाले, ओरडत, "पाजू नका! ओकवू नका त्याला!" मळणीयंत्राच्या आवाजात एक अक्षर पोचलं नाही. प्रल्हादांना फक्त एवढं दिसलं की म्याडम ओरडतायत. आणि म्याडम ओरडतायत म्हणजे हातातलं काम घाईने करायचं, ही त्यांची सव्वीस वर्षांची सवय. मी पोचेपर्यंत अख्खा तांब्या पाजून झाला होता आणि गौतम भडाभडा ओकत होता.

मग माझं जे तोंड सुटलं ते काय सांगू. डिझेल पोटात गेलं तर एवढं बिघडत नाही. ते श्वासनळीतून फुप्फुसात उतरलं की आतलं नाजूक अस्तर जाळतं. आणि ओकवलं की त्याला फुप्फुसात शिरायची आणखी एक संधी मिळते. हे सगळं मी त्या तिघांना भर शेतात सुनावलं. "अकला गहाण ठेवल्यात का?" हेही म्हटलं. यंत्रवाले, मजूर बाया, सगळे ऐकत उभे होते. प्रल्हाद मान खाली घालून म्हणाले, "हाव म्याडम. चुकलं." ज्याचा जीव घाबराघुबरा झालेला, त्या गौतमलाही मी सोडलं नाही.

चिखलीला नेलं. छातीचा एक्स-रे काढला, तिकडे त्याला 'फोटो' म्हणतात. उजव्या बाजूला खाली पांढुरका डाग. तिथल्या डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं. गौतम ऐकेना. "यंत्राची पाळी गेली त मंग पंधरा दिस नाई येत ते. तूर पडून राहीन." शेवटी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, तिसऱ्या दिवशी परत या, दुसरा फोटो काढायचाच. परत येताना जीपमध्ये मी सगळा रस्ता भांडत होते.

संध्याकाळी त्याला ताप चढला. कोरोनापासून या घरी एक ऑक्सिमीटर आहे, बोटाला लावायचा चिमटा, रक्तात प्राणवायू किती ते दाखवणारा. चार घरांत मिळून तो एकच. आकडा आला एक्क्याण्णव, हवा पंच्याण्णवच्या वर. मी माझ्या पिशवीतली, गुडघेदुखीसाठी बाळगते ती सूज उतरवणारी गोळी त्याला दिली. दीड तासाने ताप उतरला, आणि आकडा चौऱ्याण्णव.

इथे मी थांबायला हवं होतं. पण शिकवण्याची खाज जात नाही. मी एक्स-रेचं पाकीट उलटं केलं, त्यावर पेनने फुप्फुसं काढली आणि तास सुरू केला.

"हे बघा," मी म्हटलं, "फुप्फुसाचा जो भाग बिघडला, तिथे हवा पोचत नाही. तिथे रक्त पाठवणं म्हणजे बंद दुकानात गिऱ्हाईक पाठवणं. रिकाम्या हाताने परत येणार. म्हणून शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. पण सूज आली की तिच्यातून अशी द्रव्यं सुटतात, की त्या आवळलेल्या वाहिन्या परत सैल पडतात. ही गोळी ती द्रव्यं बनूच देत नाही. वाहिन्या पुन्हा आवळतात, रक्त चांगल्या भागाकडे जातं, आणि आकडा चढतो. दिसला की नाही चढलेला?"

प्रल्हादांचे डोळे चमकले. "आपुन हेच पाह्यलं होतं ना म्याडम, ल्याबमधी?"

"हेच," मी म्हटलं.

"मंग बरं होऊन राह्यले म्हना की हे," सुनंदा म्हणाली.

"आकडाच सांगतोय ना!" मी म्हटलं.

एवढं बोलून मी तास संपवला. बंद दुकान बंदच आहे, हे सांगितलं नाही. गोळीने फक्त गिऱ्हाईक वळवलंय, आत जे जळलंय ते तसंच आहे, तिथे पू धरू शकतो, आणि ही गोळी ताप दाबून तो पू झाकूनही ठेवू शकते, हे सांगितलं नाही. आम्ही प्रयोगशाळेत पाहिलं होतं ते कुत्र्यांच्या फुप्फुसांत, तेही काही तासांपुरतं, हेही गिळून टाकलं. माझ्या गोळ्यांचं पाकीट मी तिथेच विसरून आले.

बीबी, लोणार

मळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरल्याप्रमाणे निघाले. लोणारला सहा दिवस राहायचं होतं. बीबीला बस बदलायची, तर पुढची बस दोन तास येईना. बाजाराचा दिवस होता. एका बाईने मला आपल्या पोत्यावर बसवलं आणि ओंजळभर बोरं दिली. तिला मी बसच्या नावाने अर्धा तास कटकट ऐकवली. ती म्हणाली, "बाई, तुमी लय तापता. येते ना यस्टी, नाई येऊन कुठी जाईन?" मला तिचाही राग आला. बोरं मात्र गोड होती.

लोणारला मी रोज सकाळी खाली तळ्यापर्यंत उतरत होते आणि रोज वर येताना गुडघ्यांना शिव्या देत होते. पायऱ्यांवर माकडांनी माझा चष्मा पळवला, तो एका पुजाऱ्याने केळं देऊन सोडवला. मोर पाहिले. पडकी देवळं पाहिली, त्यांवर नावं कोरणाऱ्या गाढवांची नावंही वाचली. तिथल्या खानावळीतली झणझणीत कढी आणि तिच्याबरोबरचे वाफवलेल्या डाळीचे फुणके अजून जिभेवर आहेत.

रोज संध्याकाळी मी प्रल्हादांना फोन करत होते. विचारत होते एकच, "आकडा किती?"

"पंच्याण्णव, म्याडम."

"शाब्बास."

तिसऱ्या दिवशीचा फोटो काढला का, हे मी एकदाही विचारलं नाही. सांगितलंय म्हणजे काढला असणार, असं मी धरून चालले. माझ्या हाताखालच्या माणसांनी माझं ऐकलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

पुन्हा अमडापूर

निघाल्यापासून सातव्या दिवशी दुपारी परत आले. गौतम ओट्यावर पांघरूण घेऊन बसला होता. हसला. गळ्याची हाडं वर आली होती. बोलताना दर तीन शब्दांनी थांबत होता. मी घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला चौतीस. पाठीवर बोटाने ठोकून पाहिलं. डावीकडे पोकळ आवाज, उजवीकडे खाली भरलेल्या पिंपासारखा बद्द. आणि बोटाला चिमटा लावला तर आकडा मात्र त्र्याण्णव, दिसायला बरा!

"दुसरा फोटो कुठाय?" मी विचारलं.

"नाई काढला," प्रल्हाद म्हणाले. "आकडा चांगला हाय ना, म्याडम."

आणि त्यांनी अभिमानाने भिंतीकडे बोट केलं. तिथे वहीचे जोडलेले कागद चिकटवले होते. आखीव रकाने, त्यांच्या त्याच सुवाच्य अक्षरात. वेळ. गोळीच्या आधीचा आकडा. गोळी. दीड तासानंतरचा आकडा. शेरा. दिवसातून तीनदा, एकही वेळ न चुकवता. माझं पाकीट संपल्यावर त्यांनी गावातून तसल्याच गोळ्या आणल्या होत्या. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला 'वाढ'.

मी त्यांच्यावर अशी ओरडले की शेजारच्या घरातून माणसं बाहेर आली. "हा भाऊ आहे तुमचा! कुत्रा नाही प्रयोगातला! गोळ्या काय चणे-फुटाणे आहेत? कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे?"

मी भिंतीवरचा कागद ओरबाडून काढला, आणि तेव्हा वरची ओळ वाचली. आमच्या प्रयोगवहीत पहिल्या ओळीवर प्रयोगाचं नाव लिहायची पद्धत मीच लावली होती. प्रल्हादांनी लिहिलं होतं, 'म्याडमनं सांगितल्याप्रमाणे.'

दुपारची गोळी मी देऊ दिली नाही. दोन-तीन तासांतच सगळं उघडं पडलं. ताप सणकून चढला, दात वाजायला लागले आणि आकडा चौऱ्याऐंशीवर आला. शेजारच्यांच्या गाडीतून आम्ही बुलढाण्याकडे निघालो. गौतमचं डोकं सुनंदाच्या मांडीवर होतं. ती त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन एकसारखी म्हणत होती, "घ्या श्वास. आनखीन एक घ्या."

दवाखाना

कोणता दवाखाना ते सांगत नाही, गरज नाही. तिथली डॉक्टर माझ्या शेवटच्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने सुई घालून पाहिलं, उजव्या छातीत पू भरला होता. बरगड्यांमधून नळी टाकली, ऑक्सिजन लावला, शिरेतून औषधं सुरू केली. मग बाहेर येऊन तिने विचारलं, "आठवडाभर काय देत होतात यांना?"

प्रल्हादांनी घडी केलेला तो कागद तिच्या हातात दिला. माझ्याकडून कधी परत घेतला होता, मला कळलंही नाही. वरची ओळ त्यांनी फाडून टाकली होती.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनी नाई जी," प्रल्हाद म्हणाले. "म्या देल्ल्या. माह्याच मनानं."

मग ती पोरगी त्यांना झापायला लागली. कसं झापावं? अगदी मी झापते तसं. अक्कल काढली, शिक्षण काढलं, "भाऊ मेला असता म्हणजे कळलं असतं," म्हणाली. पासष्टीला आलेला माणूस हात बांधून उभा होता. आणि मी, पस्तीस वर्षं जिची जीभ एक तास गप्प बसली नाही ती मी, खांबाला टेकून उभी राहिले. एक शब्द बोलले नाही. लोक बघत होते, मला लाज वाटत होती, आणि मी त्यांना माझी बोलणी खाऊ दिली. संपूर्ण प्रवासात मला ज्याचा सगळ्यात जास्त संताप येतो, तो हा प्रसंग.

दोन दिवस काहीच कळत नव्हतं. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. सुनंदा डबा आणायची आणि तीन वाटे करायची. मला पहिला द्यायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला, गोळीशिवाय. डॉक्टर म्हणाली, "वाचतील. पण फुप्फुसाचा खालचा भाग भरून यायला महिने लागतील, आणि पूर्ण येईल असं मी सांगत नाही." तेव्हा मी तिला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. गोळी कोणाची, तास कोणी घेतला, अर्धं काय गाळलं. "तुम्हाला तर माहीत होतं, मॅडम," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

प्रल्हाद चहा आणायला गेले होते. मी सुनंदाजवळ गेले. ती गौतमच्या पायांना तेल चोळत होती. तो झोपला होता. मी म्हटलं, "सुनंदा, प्रल्हादांनी त्यांच्या मनाने काही दिलं नाही. ते मी सांगितलं होतं."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "म्या तठीच त बसेल होती."

"मग परवा डॉक्टर त्यांना एवढं बोलत होती, तेव्हा बोलली का नाहीस? आणि त्याच्या आधी सहा दिवस फोन होता ना घरात! एकदा तरी मला विचारायचं!" माझा आवाज चढला होता. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

सुनंदाने तेलाची वाटी खाली ठेवली. "चवथ्या दिशी ह्यायच्या खोकल्याले वास येऊन राह्यला होता," ती हळूच म्हणाली. "नासल्यावानी. आकडा चांगला, ताप नाई, मंग वास काऊन? म्या दादाले म्हनलं, म्याडमले फोन लावा, इचारा. दादा म्हने, नोको, म्याडम चिडतीन. म्या म्हनलं, मी इचारीन. फोन हातातबी घेतला होता. मंग मले वावरातलं आठोलं. तुमी कशा बोलत होत्या सगळ्यायसमोर. नाई लावला."

वास. म्हणजे पू धरतोय, हे त्या घरात चौथ्या दिवशीच कळलं होतं, माझ्या आकड्यांच्या आधी.

"अगं पण जिवाचा प्रश्न होता! मी चिडले असते तर काय खाल्लं असतं का तुला?"

"आताबी चिडल्याच ना तुमी," सुनंदा म्हणाली.

आणि तिने पुन्हा वाटी उचलली आणि नवऱ्याचे पाय चोळायला लागली.